तोफकर्षण वाहने

तोफकर्षण वाहने : तोफ, तिचा गाडा, दारूगोळा आणि गोलंदाज यांना तळापासून प्रत्यक्ष मोर्चाच्या जागेपर्यंत ओढून नेणारी साधने. बैल, हत्ती, घोडा, उंट व खेचर ही यांतील जुनी साधने होत. यांत्रिक वाहने विसाव्या शतकात आली. तोफेचा पल्ला आणि गोळ्याचे वजन यांची चर्चा युद्धेतिहासात विपुल आढळते. तथापि तोफ वेळेवर जागेवर पोहोचली की नाही, आणि लढाईचे पारडे फिरल्यावर ती तेथून हलविता आली की नाही, यावर अनेक लढायांचा निकाल अवलंबून राहिला आहे. नासिकजवळील देवळाली येथे भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय असल्यामुळे या विषयाच्या आधुनिक इतिहासाशी त्या परिसराचा निकटचा संबंध आहे. त्यापूर्वीच्या काळातही थळ घाट, मुंबई–आग्रा मार्ग आणि सातमाळा डोंगररांगेतील किल्ले यांमुळे जड तोफा ओढण्याचा प्रश्न या भागात वारंवार उपस्थित झाला.

निवडीची तत्त्वे : ओढणारे साधन निवडताना ओढावयाच्या भाराचे वजन, जमिनीचा प्रकार, चढ-उतार, अपेक्षित वेग आणि चारा किंवा इंधन यांचा पुरवठा या पाच गोष्टींचा विचार करावा लागतो. पक्क्या सपाट रस्त्यावर चाकांवरील एक टन भार ओढण्यास साधारणपणे १० ते २० किग्रॅ. ओढ पुरते, चिखलात किंवा भुसभुशीत वाळूत हीच ओढ दसपट किंवा त्याहूनही अधिक लागते. नासिक-मालेगाव भागातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण व पावसाळ्यात चाक गिळणारी असते. त्यामुळे एकच साधन दोन्ही ऋतूंत सारखेच उपयोगी पडेल असे नाही. चढावर गुरुत्वाकर्षणाची भर पडते. दहा मीटरांस एक मीटर असा चढ असल्यास दर टनामागे सु. १०० किग्रॅ. जादा ओढ लागते. म्हणजे बारा टनांच्या तोफेसाठी केवळ चढामुळेच सव्वा टनाच्या आसपास ओढ वाढते, आणि ओढणाऱ्या वाहनाला स्वतःचे वजनही त्याच चढावर चढवावे लागते.

एंजिनाची शक्ती पुरेशी असूनही वाहन जागीच चाके फिरवीत राहते असा अनुभव येतो. चाक आणि जमीन यांमधील पकड ही चालन मिळणाऱ्या चाकांवर किती भार आहे यावर ठरते. केवळ मागील चाकांना चालन असलेल्या मालमोटारीत पुढील चाकांवरचा भार पकडीच्या दृष्टीने वाया जातो. म्हणून तोफ ओढणाऱ्या वाहनात चारही किंवा सहाही चाकांना चालन देतात. उताराचा प्रश्न याच्या उलट असतो. तेथे मागचा गाडा पुढच्या वाहनाला ढकलू लागतो. त्यामुळे गाड्याच्या चाकांना स्वतंत्र गतिरोधक असणे आणि ते ओढणाऱ्या वाहनातून लावता येणे आवश्यक ठरते. ओढता येईल एवढाच नव्हे, तर थांबविता येईल एवढाच भार मागे जोडावा, हा या विषयातील मूलभूत नियम होय.

पशुकर्षण : हिंदुस्थानात तोफखान्याचा प्रसार सोळाव्या शतकात झाला आणि त्याबरोबरच तोफा वाहण्याच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या. हत्तीच्या पाठीवरील लहान तोफांना गजनाळ व उंटावरील तोफांना शुतरनाळ किंवा जंबुरा म्हणत. त्यांचा गोळा लहान असे, पण स्वाराबरोबर त्या कोठेही जाऊ शकत. किल्ल्याचा तट फोडणाऱ्या मोठ्या तोफा मात्र बैलांच्या अनेक जोड्या जुंपून ओढाव्या लागत. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ओतली. तिची लांबी सु. ४.४५ मी. व वजन सु. ५५ टन आहे. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. त्या वेळी चारशे बैल व दहा हत्ती लावावे लागले, आणि तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ नावाची तोफ वाटेत नदी उतरताना बुडाली, असे परंपरेने सांगितले जाते. अशी तोफ एकदा बुरुजावर चढली म्हणजे ती त्या किल्ल्याचीच होऊन राही. मोहिमेत तिचा उपयोग करता येत नसे.

फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निअर हा १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून निघालेल्या औरंगजेबाच्या काश्मीर यात्रेत बरोबर होता. त्याने बादशाही तोफखान्याचे दोन भाग वर्णिले आहेत. सत्तर जड तोफांपैकी काहींना बैलांच्या वीस जोड्या लागत. रस्ता खडतर झाला म्हणजे हत्ती सोंडेने व मस्तकाने चाके ढकलून मदत करीत. बादशहाच्या निकट चालणारा हलका तोफखाना पन्नास-साठ पितळी तोफांचा होता. त्यातील प्रत्येक तोफ दोन उमदे घोडे ओढीत आणि पाळी बदलण्यासाठी तिसरा घोडा बरोबर असे. अवघड खिंडी व नावांचे पूल जड तोफांना पार करता येत नसत, हेही बर्निअरने नोंदविले आहे. जड तोफेचा प्रहार मोठा पण चाल मंद, हलकीची चाल शीघ्र पण प्रहार लहान, हे द्वंद्व पुढील तीन शतके सुटले नाही.

बैल हे दख्खनमधील तोफकर्षणाचे मुख्य साधन होते. तो चिवट असतो, चाऱ्यात काटकसरी असतो आणि गोळीबाराच्या आवाजाने सहसा बिथरत नाही. मात्र त्याची चाल ताशी तीन-साडेतीन किमी.च्या पुढे जात नाही. शिवाय जितक्या जोड्या वाढवाव्यात त्या प्रमाणात ओढ वाढत नाही. लांब रांगेतील सर्व बैल एकाच क्षणी जोर लावीत नाहीत आणि वळणावर पुढच्या जोड्यांची ओढ तिरपी पडते. घाटातील नागमोडी वाटेवर हा दोष विशेष जाणवतो.

पानिपतच्या मोहिमेत या मर्यादांची किंमत मोजावी लागली. सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याच्या हाताखालील शिस्तबद्ध पायदळ व मोठा तोफखाना होता. नोव्हेंबर १७६० पासून छावणी कोंडली गेल्यावर धान्य व वैरण तुटली आणि जनावरे मरू लागली. तोफा ओढणारी जनावरे दुबळी झाली म्हणजे तोफखाना हा सैन्याचे बळ न राहता त्याच्या पायातील बेडी बनतो. १४ जानेवारी १७६१ रोजी गारद्यांच्या तोफांनी आरंभी मोठी हानी केली. परंतु पुढे सरकणाऱ्या पायदळाबरोबर जड तोफा जलद हलविणे शक्य नव्हते. याउलट अब्दालीजवळील उंटांवरील जंबुरे हवे तेथे नेता येत होते. पराभवाची कारणे अनेक असली, तरी चाऱ्यावाचून अडलेली ओढ हे त्यांतील एक होय.

पानिपतनंतर महादजी शिंदे यांनी द बॉइन्य याच्या साहाय्याने कवायती पलटणी उभारल्या व आग्रा येथे तोफा ओतण्याचे कारखाने चालविले. या तोफा रणांगणात नेण्याजोग्या हलक्या होत्या. त्या ओढण्याचे काम मुख्यतः बैलच करीत. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात दोन्ही पक्षांचा तोफखाना बैलांवर अवलंबून होता. आर्थर वेलस्लीजवळ म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल होते. हैदर व टिपू यांनी लष्करी कामासाठी जोपासलेली ही जात चपळ व दमदार म्हणून प्रसिद्ध होती, आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती आली. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर वेलस्लीने केलेल्या शीघ्र हालचालींमागे या बैलांचा वाटा मोठा होता. तथापि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या गोलंदाजांनी केलेल्या माऱ्यात इंग्रजांचे तोफांचे बैलच मारले गेले. तोफा जागीच अडल्या आणि त्या मागे सोडून पायदळाला पुढे चालून जावे लागले. मराठ्यांच्या सु. शंभर तोफा शेवटी शत्रूच्या हाती पडल्या. त्यांचे अनेक गोलंदाज तोफांपाशीच लढता लढता पडले.

नासिक जिल्ह्यातील १८१८ च्या मोहिमेतही हाच प्रश्न निर्णायक ठरला. लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल याच्या सैन्याने अंकाई-टंकाई, राजदेहेर, त्र्यंबक इ. डोंगरी किल्ले थोड्याच अवधीत घेतले. मालेगावच्या भुईकोटात मात्र अरब शिबंदीने मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर झुंज दिली. वेढा घालणाऱ्यांजवळ पुरेशा जड तोफा नव्हत्या. वेढ्याच्या तोफांचा नवा संच येऊन पोहोचल्यावरच किल्ल्याचा निकाल लागला. डोंगरी किल्ल्यांच्या मानाने सपाटीवरचा हा किल्ला अधिक काळ टिकला, याचे एक कारण तोफा ओढून आणण्यास लागलेला वेळ हे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी जड तोफांसाठी हत्तींच्या तुकड्या ठेवल्या. चाळीस पौंडी तोफेस दोन हत्ती एकामागे एक जुंपीत. १८७८–८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात अशा तुकड्या नेण्यात आल्या. हत्तीची ओढ मोठी व चाल सारखी असे. परंतु गोळे पडू लागले म्हणजे तो पुढे जाण्यास राजी नसे. त्यामुळे माऱ्याच्या टापूत शिरण्यापूर्वी हत्ती सोडून बैल जुंपावे लागत. म्हणजे एका तोफेसाठी दोन प्रकारची जनावरे, दोन प्रकारचा सरंजाम व दोन प्रकारचे माहीतगार पोसावे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही पद्धत मागे पडली.

डोंगरी मुलुखासाठी तोफ ओढण्याऐवजी ती सुटी करून वाहून नेण्याची युक्ती काढण्यात आली. १८७९ च्या सुमारास प्रचारात आलेल्या अडीच इंची पहाडी तोफेची नळी दोन भागांत असून ती मळसूत्राने जोडता येई. तिचे सर्व भाग पाच खेचरांवर मावत. १८५७ नंतर एतद्देशीय तोफखाना बहुतांशी बरखास्त करण्यात आला. परंतु काही पहाडी तुकड्या राखण्यात आल्या. २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभारलेली मुंबईची गोलंदाज तुकडी हिची परंपरा पाचवी (बाँबे) पहाडी तुकडी म्हणून टिकून राहिली. त्या स्मरणार्थ भारतीय तोफखाना २८ सप्टेंबर हा आपला दिन म्हणून पाळतो.

मैदानी तोफांसाठी घोडा हे सर्वोत्कृष्ट साधन मानले जाई. अठरा पौंडी तोफ व तिचा दारूगोळ्याचा पुढचा गाडा मिळून सु. दोन टन भार सहा घोडे दुडकत नेऊ शकत. डावीकडच्या तीन घोड्यांवर स्वार बसून जोड्या हाकीत. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगलोर येथे भारतीय जवानांची पहिली मैदानी तोफखाना ब्रिगेड स्थापन झाली, तीही घोड्यांच्याच ओढीची होती.

यांत्रिक कर्षण : पहिल्या महायुद्धात तोफांची वजने घोड्यांच्या आवाक्याबाहेर गेली. १९१५ पासून ब्रिटिशांनी जड हॉवित्झर तोफा ओढण्यासाठी अमेरिकन होल्ट कंपनीचे साखळीपट्ट्यांचे ट्रॅक्टर वापरले. शेतकामासाठी बनविलेले हे यंत्र चिखलात तरून जाई, पण त्याची चाल बैलाहून फारशी अधिक नव्हती. महायुद्धानंतर साखळीपट्टा की चाक, हा वाद अनेक वर्षे चालला. साखळीपट्ट्यामुळे भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो व वाहन मऊ जमिनीत रुतत नाही; मात्र तो लवकर झिजतो, रस्ता खराब करतो आणि लांब प्रवासात इंधन फार खातो. सर्व चाकांना चालन देण्याची पद्धत व रुंद हवाई धावा सुधारल्यावर पुष्कळ सैन्यांनी चाकांचा स्वीकार केला. जर्मनीने पुढे चाके व मागे साखळीपट्टा असलेली मिश्र वाहने बनविली. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत तिच्या बहुसंख्य पायदळी डिव्हिजनांच्या तोफा घोडेच ओढीत होते.

ब्रिटिश व भारतीय सैन्यांत पंचवीस पौंडी तोफेसाठी मॉरिस कंपनीचे ‘क्वाड’ हे वाहन रूढ झाले. सु. १.६ टनाची तोफ, ३२ गोळ्यांचा गाडा व सहा जणांचे पथक ते एकत्र नेई. आसांमधील अंतर कमी असल्याने ते अरुंद जागी वळे, आणि रुतलेली तोफ ओढून काढण्यासाठी त्यास विंच बसविलेले असे. सु. सहा टनांच्या साडेपाच इंची तोफेसाठी ए.ई.सी. कंपनीचे डीझेल एंजिनाचे ‘मॅटॅडोर’ वापरीत. माल वाहणारी मोटार आणि तोफ ओढणारी मोटार या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या काळात पक्की झाली.

देवळाली : देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिश फौजांचा तळ स्थापन झाला. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला. त्याचा चढ सदतिसास एक इतका तीव्र असल्यामुळे गाडीला जादा एंजिने लावावी लागत. लोहमार्गाने तोफांचा दूरचा प्रवास सुकर केला. स्थानकापासून मोर्चापर्यंतची ओढ मात्र जनावरांकडेच राहिली. तोफखाना विद्यालय १९२३ मध्ये हल्लीच्या पाकिस्तानातील काकूल येथे स्थापन झाले व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते देवळालीस हलविण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात नासिक रोड येथील तोफखाना केंद्र आणि देवळालीचे विद्यालय ही या दलाची प्रमुख प्रशिक्षणस्थाने झाली. तोफ जोडणे व सोडणे, ती उलट चालवून मोर्चाच्या जागी लावणे, उतारावर वाहन आवरणे यांचे शिक्षण नेमबाजीइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने जबलपूर येथे ‘शक्तिमान’ मालमोटारीचे उत्पादन सुरू झाले. चारही चाकांना चालन असलेली ही मोटार अनेक दशके भारतीय मैदानी तोफांची मुख्य ओढ होती. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने आखलेल्या १०५ मिमी. भारतीय मैदानी तोफेचे वजन सु. साडेतीन टन असून ती शक्तिमानच्या आवाक्यातील होती. तिची हलकी आवृत्ती हेलिकॉप्टरने उचलता येईल अशी करण्यात आली.

मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० हॉवित्झर तोफा घेण्याचा करार झाल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. १५५ मिमी. व्यासाच्या या तोफेचे वजन सु. १२ टन आहे. ती ओढण्यासाठी सहाही चाकांना चालन असलेली स्कॅनिया वाहने घेण्यात आली. तोफेवर स्वतःचे लहान एंजिनही असते. त्यामुळे ओढणाऱ्या वाहनावाचून ती थोडे अंतर मंद गतीने चालून जाऊ शकते. १९९९ च्या कारगिल युद्धात या सोयीचे महत्त्व प्रत्ययास आले. श्रीनगर–लेह मार्गावरील झोजी खिंड सु. ३,५०० मी. उंच आहे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सु. ७० टक्केच असल्याने साध्या एंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते. अशा अरुंद व वळणांच्या मार्गाने तोफा द्रास व कारगिल भागांत पोहोचल्या. शत्रूचा मारा येण्यापूर्वी त्या जागा बदलू शकल्या, हे त्यांच्या परिणामकारकतेचे एक महत्त्वाचे कारण होते.

१९८६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीशी सहकार्य करून भारत अर्थ मूव्हर्स लि. या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने जड वाहने बनविण्यास प्रारंभ केला. टाट्रा वाहनात नेहमीच्या चौकटीऐवजी मध्यभागी भक्कम नळी असून तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध-आस स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे खडबडीत जमिनीवर सर्व चाके जमिनीस चिकटून राहतात व पकड सुटत नाही.

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली येथे झालेल्या समारंभात तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत तीन साधने तोफखान्यात दाखल करण्यात आली : अमेरिकन एम-७७७ ही हलकी हॉवित्झर तोफ, के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ आणि अशोक लेलँड कंपनीने भारतात तयार केलेले सहाही चाकांना चालन असलेले तोफकर्षक वाहन. ही तीन साधने एकाच प्रश्नाची तीन उत्तरे होत. एम-७७७ मध्ये टिटॅनियम धातू वापरून वजन सु. ४.२ टनांपर्यंत उतरविले आहे. ती हेलिकॉप्टरखाली टांगून रस्ता नसलेल्या ठिकाणी नेता येते. वज्रमध्ये तोफ व वाहन एकच आहेत. ती वाळवंटात रणगाड्यांबरोबर चालू शकते, पण तिचे वजन ४५ टनांहून अधिक असल्याने प्रत्येक पूल तिला पेलत नाही, आणि एंजिन बिघडल्यास तोफही निकामी होते. ओढीची तोफ तुलनेने स्वस्त असते व तिचे वाहन बंद पडल्यास दुसरे जोडता येते. मात्र ती लावण्यास व उठविण्यास अधिक वेळ लागतो.

भारतात विकसित केलेल्या १५५ मिमी. व्यासाच्या आधुनिक ओढ-तोफेचे वजन सु. १८ टन आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याची भारत फोर्ज व टाटा समूहातील कंपनी यांच्याशी सु. ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. त्यांत ३०७ तोफा आणि त्या ओढण्यासाठी सहा चाकी चालनाची ३२७ वाहने यांचा समावेश आहे. तोफांपेक्षा वाहनांची संख्या अधिक असणे हे लक्षणीय आहे. तोफ शाबूत असून ओढ नाही अशी स्थिती पानिपतावर व असईच्या मैदानात निर्माण झाली होती. ती टाळण्याची तरतूद आता खरेदीच्या वेळीच केली जाते.